नॅनोकणांचा लाल रंग जांभळा झाला, म्हणजे पाण्यात शिसं आहे का?

प्रश्न असा आला आहे: "सायट्रेट पद्धतीने सोन्याचे नॅनोकण तयार केले. घरच्या नळाचं पाणी घातल्यावर लाल द्रव मिनिटभरात जांभळा झाला. डिस्टिल्ड वॉटर घातलं तर मात्र लालच राहिला. आमच्या पाण्यात शिसं आहे असं समजायचं का? आणि यावरून घरी वापरता येईल असा किट बनवता येईल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरातली माणसं तेच पाणी पीत आहेत. या प्रयोगावरून शिसं आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. तुम्हाला दिसलं ते एवढंच, की कण साकळले, म्हणजे एकमेकांना चिकटून गोळा झाले. ते कशामुळे साकळले हे तो रंग सांगत नाही. मी बरीच वर्षं या कणांवर काम करते आहे आणि या कामात नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे एकदा तरी फसतो. मीही फसले होते, ते पुढे सांगते.

रंग कुठून येतो ते आधी पाहू. १३ नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण म्हणजे साधारण ६८ हजार अणूंचा गोळा. त्याच्यावर प्रकाश पडला की सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे मिळून एका लयीत हेलकावतात. ही लय ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा शोषला जातो आणि द्रव आपल्याला माणकासारखा लाल दिसतो. कण एकमेकांच्या इतके जवळ आले की मधली फट त्यांच्या व्यासाहूनही लहान झाली, तर त्यांचे हेलकावे एकमेकांत गुंततात. मग शोषण ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि द्रव जांभळा, पुढे निळा होतो. तसाच ठेवून दिला तर राखाडी होऊन शेवटी तळाशी काळपट गाळ बसतो.

हा रंग प्रचंड गडद असतो आणि या कणांची सगळी ताकद त्यातच आहे. रंगद्रव्याच्या एका चांगल्या रेणूपेक्षा असा एक कण हजारपटीहून जास्त प्रकाश अडवतो. म्हणून नळीत अगदी थोडे कण असले तरी फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. शिसं, कॅडमियम आणि पारा यांच्या आयनांना स्वतःचा रंगच नसतो. जे डोळ्यांना कधीच दिसलं नसतं, ते कणांच्या रंगातून दिसावं, ही मूळ कल्पना आहे आणि मला ती आजही तितकीच सुंदर वाटते.

पण मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अशाच लाल द्रवावरचं काम मांडलं, तेव्हा एक गोष्ट नोंदवून ठेवली होती: त्यात मीठ घातलं की लाल द्रव निळा होतो. त्या नळीत शिसं नव्हतं, साधं मीठ होतं.

असं होण्याचं कारण सायट्रेटमध्ये, म्हणजे कण बनवताना घातलेल्या सायट्रिक आम्लाच्या क्षारात आहे. सायट्रेटचं आवरण कणांना ऋणप्रभार देतं, सगळे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि म्हणून तरंगत राहतात. पाण्यात क्षार वाढले की धन आयन या प्रभाराभोवती गोळा होतात आणि त्याची पोच कमी होते. १ मिलिमोलर (लिटरमध्ये मोलचा हजारावा भाग) मिठाच्या पाण्यात ती पोच सुमारे १० नॅनोमीटर असते, १०० मिलिमोलरमध्ये जेमतेम १ नॅनोमीटर. ढकलणारं बळ पोचेनासं झालं की कण धडकतात आणि चिकटतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे दोन प्रभार असलेले आयन हे काम सोडियमपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात करून टाकतात.

इथे आपल्या भाषेतला एक घोळही सांगायला हवा. साबणाला फेस येत नाही त्या पाण्याला आपण "जड पाणी" म्हणतो आणि शिसं, पारा यांना "जड धातू". त्यामुळे "पाणी जड आहे" हे ऐकून जड धातू आहेत असं समजणारे लोक मला वारंवार भेटतात. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो आणि तो विषारी नाही. पण तुमच्या लाल द्रवाला निळा करायला तो पुरेसा आहे. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम जडपणा (तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगतात) म्हणजे सुमारे ३ मिलिमोलर कॅल्शियम. पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर (नॅनोमोलर हा मिलिमोलरचा दहा लाखावा भाग). कॅल्शियम शिशाच्या साठ हजार पट झालं. एवढ्या गलक्यात तुमचे कण शिशाचा आवाज ऐकतील, ही अपेक्षा त्यांच्याकडून करता येत नाही.

मी फसले ती गोष्ट अशी. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका वस्तीतून पाण्याचे आठ नमुने आणले होते. सहा नळ्या निळ्या झाल्या. फोटो काढले आणि अहवाल यायच्या आधीच एका घरी सांगून टाकलं की पाण्यात शिसं असावं. नंतर तेच नमुने आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर, तपासले, तर एकाही नमुन्यात शिसं मर्यादेच्या जवळपासही नव्हतं. जडपणा मात्र सहाही नमुन्यांत भरपूर होता. तोवर त्या घरातल्या बाई लांबून पाणी वाहून आणत होत्या. मी जाऊन त्यांची माफी मागितली. तेव्हापासून एकट्या नळीच्या रंगावरून मी कुणालाही काही सांगत नाही.

उलटी चूक जास्त धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पानं-माती कुजून तपकिरी झालेल्या पाण्यात ह्युमिक पदार्थ असतात. ते कणांना वरून लेप देतात, कण साकळत नाहीत, द्रव लालच राहतो आणि आपण "पाणी स्वच्छ" म्हणून मोकळे होतो. शिवाय तेच पदार्थ शिशालाही धरून ठेवतात. तुमच्या नळीतही एक असाच अडथळा आहे: कण बनवताना घातलेलं जास्तीचं सायट्रेट. नेहमीच्या कृतीत १ मिलिमोलर सोन्याच्या क्षाराच्या १०० मिलिलिटर उकळत्या द्रावणात ३८.८ मिलिमोलर सायट्रेट १० मिलिलिटर घालतात. कण तयार झाल्यावरही मोकळं सायट्रेट मिलिमोलर पातळीवर उरतं. ते शिशाच्या हजारो पट असतं आणि शिसं कणापर्यंत पोचायच्या आधीच त्याला पकडतं. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून कण तळाशी बसवले आणि वरचा द्रव बदलला असं केलं नाही, तर तुमची चाचणी जडपणाला हळवी आणि शिशाला बहिरी राहते.

मग कणांना शिसं ओळखायला शिकवायचं कसं? पृष्ठभागावर असा रेणू बसवायचा, जो हव्या त्या धातूला धरतो आणि बाकीच्यांना सोडून देतो. गंधकाचं टोक सोन्याला घट्ट चिकटतं, म्हणून बहुतेक रेणू त्या टोकाने जोडतात. ग्लुटाथायोन (गंधक असलेला, पेशींत आढळणारा छोटा रेणू) लावलेले कण शिशासाठी पुष्कळ वापरले जातात. शिशाचा आयन दोन कणांवरच्या ग्लुटाथायोनला एकाच वेळी धरतो आणि पूल बांधतो. पण जस्त, तांबं, कॅडमियम यांनाही त्याच गटांची ओढ असते. "निवडक" हा शब्द शोधनिबंधात वाचला की मी आधी पाहते, बाकीचे आयन एकेकटे घालून पाहिले होते की सगळे एकत्र, नळाच्या पाण्यात असतात त्या प्रमाणात.

पाऱ्यासाठी डीएनएची युक्ती फार देखणी आहे. पाऱ्याचा आयन डीएनएतल्या थायमिन नावाच्या दोन घटकांच्या मध्ये नेमका बसतो आणि एरवी न जुळणारी जोडी जुळवतो. चॅड मिर्किन यांच्या गटाने २००७ मध्ये यावर रंगाची चाचणी दाखवली. ओळखता येणारं तिचं किमान प्रमाण १०० नॅनोमोलर होतं, म्हणजे लिटरमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम. असेंद्रिय पाऱ्याचं मार्गदर्शक मूल्य ६ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे इतकी निवडक चाचणी "रंग बदलला नाही" म्हणते, तेव्हाही पाण्यात मार्गदर्शक मूल्याच्या तिप्पट पारा असू शकतो. कुठलाही किट घेताना हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तो किती कमी ओळखतो आणि किती कमी ओळखायला हवं, यांत बऱ्याचदा मोठी दरी असते.

ही दरी का पडते याचा हिशेब मी विद्यार्थ्यांकडून एकदा हाताने करून घेते. डोळ्यांना नीट लाल दिसेल अशा नळीत सुमारे ३ नॅनोमोलर कण असतात. मर्यादेवरच्या शिशाचे आयन ४८ नॅनोमोलर. प्रत्येक कणाच्या वाट्याला १६ आयन आले. नळीतले कण तेवढेच ठेवून पाणी आणि कणांचा द्रव समसमान मिसळला तर शिसं निम्मं होतं, म्हणजे आठच. आणि १३ नॅनोमीटरच्या एका कणावर गंधकाच्या टोकाने बसलेले रेणू असतात दोन हजारांच्या घरात. दोन हजार हात आणि त्यांत आठ आयन! तेवढ्यांनी कणांना एकत्र बांधावं ही अपेक्षा जास्त आहे. म्हणून संवेदनशीलता वाढवायला कण कमी घ्यावे लागतात, मग रंग फिका पडतो आणि डोळ्यांऐवजी स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे किती प्रकाश शोषला गेला हे मोजणारं यंत्र, लागतो. यातून फुकटची सुटका नाही.

मला व्यक्तिशः जास्त भरवशाची वाटते ती उलट दिशेची चाचणी. जुवेन लिऊ आणि यी लू यांनी २००३ मध्ये शिशावर चालणारा डीएनएझाइम (एन्झाइमसारखं काम करणारा डीएनए) वापरून ती दाखवली. तिथे डीएनएने कण आधीच एकत्र बांधलेले असतात, म्हणजे द्रव निळा. शिसं असेल तर डीएनएझाइम तो बंध तोडतो आणि कण सुटे राहून द्रव लाल होतो. पहिल्या रूपात त्यासाठी द्रव तापवून सावकाश गार करावा लागत असे, त्यामुळे ती शेतावर किंवा नळाशेजारी करण्याजोगी नव्हती. पण दिशा लक्षात घ्या. मीठ, जडपणा, आम्ल यांपैकी कशानेही निळ्याचं लाल होत नाही, ते फक्त लालाचं निळं करू शकतात. चुकीचा इशारा देणारी बहुतेक कारणं एका फटक्यात बाहेर पडतात. नवीन चाचणी आखणाऱ्याने सुरुवातच या दिशेने करावी असं माझं मत आहे.

चांदीच्या पिवळ्या कणांबद्दल थोडक्यात. त्यांचं शोषण ४०० नॅनोमीटरच्या आसपास असतं. पाऱ्याचे आयन चांदीचंच ऑक्सिडीकरण करतात आणि पिवळा रंग फिका पडत जातो. करायला सोपं आणि स्वस्त, पण चांदी हवेने आणि क्लोराइडनेही बिघडते, त्यामुळे कण ताजे हवेत. आर्सेनिकसाठी मी आजही जुनी गुटझाइट पद्धतच सुचवते. जस्त आणि आम्ल घालून आर्सेनिकचा आर्साइन वायू करायचा आणि तो मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा-तपकिरी डाग पाडतो. आर्सेनिक वायूच्या रूपात पाण्यातून बाहेर येतं आणि जडपणा खालीच राहतो. वेगळं करणं आणि ओळखणं ही दोन कामं तिथे वेगवेगळी आहेत, म्हणून ती टिकली. तो वायू अतिशय विषारी असतो, त्यामुळे किट उघड्यावर आणि सूचनांप्रमाणेच वापरायचा.

आता तुमच्या जांभळ्या नळीकडे येऊ. एका नळीऐवजी पाच नळ्या लावा, सगळ्यांत कणांचा द्रव सारखाच, एकाच वेळी.

पहिलीत डिस्टिल्ड वॉटर, ते तुम्ही केलंच आहे. दुसरीत तुमचं नळाचं पाणी. तिसरीत तुम्ही स्वतः तयार केलेलं जड पाणी: डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट आणि सोडियम बायकार्बोनेट घालून जडपणा नळाच्या पाण्याइतका आणायचा. जडपणा मोजायच्या पट्ट्या सहज मिळतात. या नळीत शिसं नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तीही जांभळी झाली, तर तुम्ही पाहिलेला रंग जडपणाचा असू शकतो हे सिद्ध झालं. तुमच्या बाबतीत हेच होईल असं मला वाटतं, कारण उघड्या सायट्रेट कणांचा रंग मिनिटभरात पालटायला क्षार पुरेसे असतात.

चौथी नळी माझी आवडती आहे. नळाच्या पाण्यात कण घालायच्या आधी अगदी थोडं ईडीटीए (धातूंच्या आयनांना घट्ट धरून ठेवणारं रसायन) घाला, २० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. जास्त घातलं तर ते कॅल्शियमही गिळून टाकेल आणि नळी काहीच सांगणार नाही. एवढ्या कमी मात्रेत मात्र मजेशीर गोष्ट घडते. ईडीटीए शिशाला कॅल्शियमपेक्षा सुमारे दोन कोटी पट घट्ट धरतं, त्यामुळे कॅल्शियम हजारो पट असलं तरी शिशाचा जवळजवळ प्रत्येक आयन ईडीटीएकडे जातो, आणि ३ मिलिमोलर कॅल्शियममधला एक टक्काही कमी होत नाही. ही नळी दुसऱ्या नळीइतकीच जांभळी झाली, तर रंग शिशाचा नव्हता. लाल राहिली, तर घट्ट धरला जाणारा एखादा धातू कमी प्रमाणात आहे. तो शिसंच असेल असं नाही, नळाच्या पाण्यात पाइपांतलं तांबं किंवा जस्त असण्याची शक्यता मोठी असते. पण आता पुढच्या तपासणीला ठोस कारण मिळालं.

पाचव्या नळीत नळाच्या पाण्यात शिशाचं माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम घालायचं. ही नळी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून करा आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. शिसं घालूनही या नळीचा रंग दुसरीपेक्षा वेगळा झाला नाही, तर तुमची चाचणी या पाण्यात आंधळी आहे. मग दुसरी नळी लाल राहिली असती तरी तिचा काही अर्थ नव्हता. प्रकाशित चाचण्यांतसुद्धा ही पाचवी नळी गाळलेली दिसते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

रंग नोंदवताना डोळ्यांवर विसंबू नका. सगळ्या नळ्या पांढऱ्या कागदापुढे एकाच फोटोत घ्या, ठरावीक मिनिटांनी. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६५० आणि ५२० नॅनोमीटरच्या रीडिंगचं गुणोत्तर काढा. कण पातळ झाल्याने रंग फिका पडला तर दोन्ही रीडिंग सारखीच घटतात आणि गुणोत्तर हलत नाही. कण साकळले तरच ते चढतं.

पाणी कधी भरलं यालाही तितकंच महत्त्व आहे. शिसं बहुधा पाइप, सांध्यांचं डाख आणि पितळी तोट्या यांतून येतं, म्हणून रात्रभर साचलेलं सकाळचं पहिलं पाणी हवं. नळ पाच मिनिटं सोडून मग भरलेल्या पाण्यात ते हाती लागणार नाही. शिवाय नळाच्या पाण्यातलं शिसं सगळं विरघळलेलं नसतं, बराच भाग बारीक कणांत आणि गंजाच्या कपच्यांत असतो. तुमच्या नॅनोकणांना फक्त मोकळे आयन कळतात, पिणाऱ्याच्या पोटात मात्र सगळंच जातं. प्रयोगशाळेत म्हणूनच नमुना नायट्रिक ॲसिडने पीएच २ च्या खाली आणून रात्रभर ठेवतात, म्हणजे सगळं शिसं विरघळतं. तोच नमुना नॅनोकणांत थेट घातला तर आम्लानेच ते साकळतात, आणि अल्कली घालून उदासीन केला तर तयार झालेल्या मिठाने साकळतात. उघड्या सायट्रेट कणांवर किट उभा राहत नाही तो मुख्यतः या पायरीमुळे.

तेव्हा घरगुती किटबद्दल. कण घरी बनवू नका. काचेची भांडी धुवायला आम्लराज (तीव्र नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण) वापरावं लागतं आणि ते स्वयंपाकघरात आणायची वस्तू नाही. प्रयोगशाळेत बनवलेले, डीएनए किंवा तसंच टिकाऊ आवरण दिलेले कण, सोबत कोरी (नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची) नळी, ईडीटीएची नळी आणि शिसं घातलेली नळी, एवढं एकत्र असेल तर तो चाळणीचा किट होऊ शकतो. शंभर घरांपैकी कोणत्या दहांचं पाणी आधी आयसीपी-एमएसला पाठवायचं, हे ठरवायला तो उपयोगी पडेल. तुमचा प्रकल्प या दिशेने नेलात तर मला मनापासून आनंद होईल.

घरच्या पाण्यासाठी मात्र प्रकल्प संपायची वाट पाहू नका. उद्या सकाळी कुणीही नळ सोडायच्या आधी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत पहिलं एक लिटर भरा आणि शिशाच्या तपासणीला द्या. अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी नळ काही मिनिटं सोडून मगच भरा, आधीचं धुण्या-पुसण्याला वापरा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना तेवढे दिवस दुसरं, तपासलेलं पाणी द्या. पाणी उकळून शिसं जात नाही, उलट वाफ गेल्याने ते थोडं दाटतं. टीडीएस मीटरवरही ते कळणार नाही. तो लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम क्षार मोजतो, त्यात १० मायक्रोग्रॅमने आकडा हलतही नाही.